वाचक विचारतात : जहाज वळलं, शुल्क वाढलं, तोटा कोणाच्या नावावर?

युद्ध आणि आयातशुल्क यांवर आलेल्या पत्रांतून सात निवडली आहेत. द्राक्ष आणि टॉवेल या दोन पत्रांना जास्त जागा दिली आहे, कारण त्यांत पुढच्या व्यवहाराचे कागद अजून सही व्हायचे आहेत. सगळे हिशेब डॉलरला ८८ रुपये धरून केले आहेत. तुमच्या दिवशीचा दर घालून ते पुन्हा मांडा.

दिंडोरीत आमची सहा एकर थॉमसन आहे. ‘लाल समुद्रामुळे परवडत नाही’ असं सांगून निर्यातदार पट्टीत किलोमागे कपात करतो. माल विमा उतरवलेला असतो असंही तोच म्हणतो. मग उशिराची भरपाई विम्यातून का होत नाही? आणि ही कपात किती खरी मानायची?
– द्राक्ष बागायतदार, जि. नाशिक

कपातीचा हिशेब आधी करू, कारण तो पाच मिनिटांत होतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनच्या हुथी बंडखोरांनी लाल समुद्रात ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज ताब्यात घेतलं. डिसेंबरच्या मध्यापासून मोठ्या शिपिंग कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. न्हावा शेवा ते रॉटरडॅम हा वीस-बावीस दिवसांचा प्रवास तीस ते पस्तीस दिवसांवर गेला. चाळीस फुटी रीफर (शीत) कंटेनरमध्ये साधारण १३ टन द्राक्षं बसतात. कंटेनरचं भाडं १,००० डॉलरनी वाढलं तर ८८,००० रुपये भागिले १३,००० किलो, म्हणजे किलोला पावणेसात रुपये. निर्यातदार भाड्यापोटी किलोला वीस रुपये कापत असेल, तर भाडं जवळपास ३,००० डॉलरनी वाढलं असा त्याचा दावा झाला. त्याला शिपिंग लाइनचं बिल दाखवायला सांगा. बिलावर मूळ भाडं आणि युद्ध-अधिभार वेगवेगळ्या ओळींत असतात.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे कपात कशाच्या तुलनेत आहे. जानेवारीत जागेवर भाव ठरला तेव्हा जहाजं आधीच केपमार्गे, म्हणजे आफ्रिकेच्या वळशाने, जात असतील, तर ते भाडं त्या भावात धरलेलंच होतं. तेच पट्टीत पुन्हा कापणं हा दुहेरी हिशेब आहे, आणि आमच्या मते कपातीच्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच असतं.

आता विमा. मालाच्या सागरी विम्यात सगळ्यांत व्यापक समजला जातो तो ‘ए क्लॉज’. त्यातही काही गोष्टी वगळलेल्या असतात. त्यांतल्या तीन इथे महत्त्वाच्या: युद्ध, संप आणि उशीर. पहिल्या दोन्ही जादा हप्ता भरून परत घेता येतात, उशीर घेता येत नाही. उशीर विमा असलेल्या धोक्यामुळे झाला असला तरी नुसत्या उशिराने झालेलं नुकसान बाहेरच राहतं. जहाज वळवलं, दहा दिवस जास्त लागले, देठ तपकिरी पडले: या साखळीत विमा कंपनी कुठेच येत नाही. युद्धाची जोड घेतली असेल तर जहाजावर क्षेपणास्त्र पडलं, माल जळाला किंवा जप्त झाला याचे पैसे मिळतात. तेही माल जहाजावर असतानाच. बंदरातल्या यार्डात किंवा ट्रकवर असताना युद्धाचं संरक्षण लागू होत नाही. विमा कंपनी सात दिवसांची नोटीस देऊन ही जोड काढून घेऊ शकते, पण आधीच निघालेल्या मालावर त्याचा परिणाम होत नाही. म्हणून तारीख बघायची ती जहाज सुटण्याची.

रीफरच्या यंत्रबिघाडाचं कलम वेगळं असतं. त्यात यंत्र सलग २४ तास बंद पडल्याची अट असते. अठरा तासांचा बिघाड म्हणजे दावा नाही. पेटीत तापमान नोंदवणारा डेटा लॉगर नसेल तर चोवीस तास सिद्धही होत नाहीत.

शिपिंग कंपनीवर दावा? बिल ऑफ लेडिंगच्या (माल चढवल्याच्या पावतीच्या) मागच्या बारीक छपाईत मार्ग बदलण्याची मुभा कंपनीने आधीच घेतलेली असते. ती का बदलते हेही समजून घ्या. २०२४ च्या सुरुवातीला लाल समुद्रातल्या एका फेरीसाठी जहाजाच्या किमतीच्या पाऊण ते एक टक्का एवढा युद्ध-हप्ता मागितला जात होता. दहा कोटी डॉलरचं जहाज असेल तर एका फेरीला साडेसात ते दहा लाख डॉलर. शिवाय खलाशांच्या जिवाचा धोका वेगळाच. त्यापुढे वळशाचं इंधन स्वस्त पडतं.

म्हणजे उशिराचा तोटा खरेदीदार, निर्यातदार आणि बागायतदार या तिघांतच वाटला जाणार. कोणाला किती ते सौद्याच्या कागदात ठरतं. कागदात पुढील गोष्टी नसतील तर सही करू नका. भाव जागेवर अंतिम आहे, की किमान हमी अधिक विक्रीनंतरचा फरक, हे स्पष्ट लिहिलेलं असावं. गुणवत्तेपोटी जास्तीत जास्त किती कपात करता येईल याची मर्यादा असावी. माल पोचल्यापासून ४८ तासांत तिथल्या स्वतंत्र सर्व्हेयरचा अहवाल, फोटो आणि लॉगरचा आलेख दिल्याशिवाय कपात धरली जाणार नाही, असं वाक्य असावं. निर्यातदार छोटा असेल तर तो हे मान्य करायला कुरकुर करेल. मोठ्यांकडे हे अहवाल तसेही असतातच, फक्त ते बागेपर्यंत येत नाहीत.

पस्तीस दिवस टिकायचं असेल तर बागेत आणि पॅकहाऊसमध्येही फरक करावा लागतो. काढणी सकाळी, दव सुकल्यावर आणि ऊन चढायच्या आत. काढल्यापासून सहा-आठ तासांत मण्याच्या गराचं तापमान शून्य ते एक अंशावर आलं पाहिजे. पुढे उणे अर्धा ते शून्य अंश आणि आर्द्रता ९० ते ९५ टक्के. सगळ्यांत जास्त माल बिघडतो तो एका चुकीने: प्रीकूलिंग (पॅकिंगआधी माल थंड करणं) अर्धवट ठेवून पेटी बंद करणे. कोमट मण्यांवर लायनरच्या (पेटीतल्या प्लास्टिक अस्तराच्या) आत पाणी धरतं. त्या ओलाव्याने बुरशी रोखणारा सल्फर डायऑक्साइडचा पॅड पहिल्याच आठवड्यात भसाभस वायू सोडतो. देठाजवळचे मणी पांढरट पडतात, युरोपात सल्फाइटच्या अवशेषांवरून वाद होतो तो वेगळाच. मग शेवटच्या दहा दिवसांत, जेव्हा वायूची खरी गरज असते, तेव्हा पॅड रिकामा असतो आणि राखाडी बुरशी पेटीभर पसरते. दोन टप्प्यांत वायू सोडणारा पॅडच वापरा. काढणीच्या आठवड्यात पाऊस झालेला प्लॉट लांबच्या जहाजावर चढवू नका. तो देशी बाजाराला किंवा बेदाण्याला द्या. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, त्या हिशेबाने भाव ताडून बघा.

सोलापूर एमआयडीसीत आमचं टेरी टॉवेलचं युनिट आहे. अमेरिकेने ५० टक्के शुल्क लावलं तेव्हाच्या मालाचा वाद अजून मिटलेला नाही. खरेदीदार म्हणतो, ‘अर्धं तुम्ही सोसा.’ आमचा एक कंटेनर २५ ऑगस्ट २०२५ ला न्हावा शेव्याला चढला होता, म्हणजे मुदतीच्या आत. तरी सवलत मिळाली नाही असं तो सांगतो. खोटं बोलतोय का? शिवाय एक एजंट दुबईमार्गे माल पाठवायला सुचवतो.
– लघुउद्योजक, सोलापूर

खोटं बोलत नसावा. भारतीय मालावर २५ टक्के शुल्क ७ ऑगस्ट २०२५ पासून आणि रशियन तेलाच्या कारणावरून आणखी २५ टक्के २७ ऑगस्टपासून लागू झालं. या दुसऱ्या २५ टक्क्यांतून वाटेतल्या मालाला सूट होती, पण तिच्या अटी दोन होत्या. माल २७ ऑगस्टच्या आधी अखेरच्या जहाजावर चढलेला असावा, आणि १७ सप्टेंबर २०२५ च्या आधी अमेरिकेत त्याची आयात नोंद व्हावी. २५ ऑगस्टला निघालेल्या जहाजाला मधे तेवीस दिवस होते. केपमार्गे न्यूयॉर्क महिन्याभराच्या पुढे जातं. तुमचा कंटेनर पहिल्या अटीत बसला, दुसरीत बसू शकला नाही. वाटेत कोलंबो किंवा सलाला इथे जहाज बदललं असेल तर पहिल्या अटीतही अडचण होती, कारण तिथे ‘अखेरचं जहाज’ धरलं जातं.

शुल्क भरायची कायदेशीर जबाबदारी अमेरिकेत ज्याच्या नावावर आयात नोंदली जाते त्याची. एफओबी (माल जहाजावर चढवेपर्यंतचा भाव) किंवा सीआयएफ (भाडं आणि विमा धरून भाव) सौद्यात तो तुमचा खरेदीदार. फक्त डीडीपी, म्हणजे शुल्क भरून घरपोच, असा सौदा असेल तर तो बोजा तुमचा. डीडीपी शब्द एखाद्या ईमेलमध्ये सहज कबूल करून बसलेले लोक असतात. तुमचा पत्रव्यवहार त्या दृष्टीने एकदा वाचून काढा.

आता ‘अर्धं सोसा’ म्हणजे किती? समजा टॉवेलचा एफओबी भाव ४ डॉलर. सुती टेरी टॉवेलवर अमेरिकेचं नेहमीचं शुल्क ९.१ टक्के, म्हणजे जुना खर्च ४.३६ डॉलर. त्यावर ५० टक्के आल्यावर एकूण शुल्क ५९.१ टक्के आणि खर्च ६.३६ डॉलर. वाढ दोन डॉलरची. खरेदीदार म्हणतो, अर्धं म्हणजे एक डॉलर कमी करा. इथे थांबा. तुम्ही भाव उतरवला की कमी भावावर शुल्कही कमी बसतं. भाव ३ डॉलर केलात तर त्याचा खर्च ४.७७ होतो. तुम्ही एक डॉलर सोसला, त्याने फक्त ४१ सेंट. खरोखर निम्मं-निम्मं करायचं तर त्याचा खर्च ५.३६ व्हायला हवा, आणि त्यासाठी भाव ३.३७ पुरतो. सूट ६३ सेंट, म्हणजे पावणेसोळा टक्के. वाटाघाटीत हा एक हिशेब कागदावर मांडून ठेवलात तर टॉवेलमागे ३७ सेंट वाचतात. पूर्ण बोजा उचलायचा झाला तर भाव २.७४ वर, म्हणजे ३१ टक्क्यांनी खाली आणावा लागला असता. सुताचा खर्चच त्यातून निघत नाही.

प्रतिस्पर्धी कुठे होता तेही बघा. त्याच काळात पाकिस्तानवर जादा शुल्क १९ टक्के होतं. त्याचा चार डॉलरचा टॉवेल ५.१२ ला पडत होता. त्याची बरोबरी करायला तुम्हाला ३.२२ वर यावं लागलं असतं. म्हणून निम्म्याची सूट देऊनही ऑर्डर जाऊ शकते हे धरून चाला, आणि सूट फक्त झालेल्या ऑर्डरपुरती द्या. हे दर वारंवार बदलतात, पण आकडेमोडीची रीत तीच राहते.

सूट देताना क्रम चुकला तर ती वाया जाते. ती माल अमेरिकेत नोंदवला जाण्याआधी, मूळ इन्व्हॉइसवरच दिसली पाहिजे. आयातीनंतर दिलेली सूट तिकडच्या सीमाशुल्काच्या मूल्यात धरली जात नाही. तुम्ही पैसे सोडता आणि शुल्क जुन्याच भावावर बसतं. माल पोचल्यावर सूट द्यायची वेळ आली, तर आपल्या बँकेकडून निर्यात बिलातली घट मंजूर करून घ्या. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस या निर्यात-देखरेख नोंदीत फरक थकबाकी म्हणून उभा राहतो आणि पुढच्या बिलांना अडतो. घटलेल्या रकमेच्या प्रमाणात ड्रॉबॅक आणि आरओएससीटीएल या करपरताव्याच्या योजनांचा लाभही परत करावा लागू शकतो. सूट देण्यापूर्वी तो आकडा वजा करून बघा. निर्यातीचे पैसे आणायची मुदत नोव्हेंबर २०२५ मध्ये नऊ महिन्यांवरून पंधरा महिने झाली, त्यामुळे बँकेशी बोलायला वेळ आहे.

करारात एक वाक्य घालाच: शुल्क कमी झालं किंवा परत मिळालं तर सूट त्या प्रमाणात रद्द. परतावा नेहमी आयातदाराच्या खात्यात जातो. लिहून घेतलं नसेल तर तुमच्यापर्यंत काही पोचत नाही.

ईसीजीसी या सरकारी निर्यात-पत विमा कंपनीच्या विम्यावर फार विसंबू नका. खरेदीदाराचं दिवाळं, पैसे थकवणं, त्याच्या देशाची आयातबंदी, युद्ध हे धोके त्यात येतात. शुल्क वाढलं म्हणून तो भाव पाडून मागतोय, याला व्यापारी वाद म्हणतात आणि तो मिटेपर्यंत दावा पुढे सरकत नाही. मात्र पैसे थकले की ठरलेल्या मुदतीत कळवा. न कळवल्यामुळे चांगले दावे बुडतात.

दुबईचं म्हणाल तर नाही. टॉवेलचा मूळ देश म्हणजे कापड जिथे विणलं तो देश. दुबईत किनार शिवून किंवा पेटी बदलून तो बदलत नाही. ३१ जुलै २०२५ च्या आदेशाने शुल्क चुकवण्यासाठी वळवलेल्या मालावर ४० टक्के शुल्क आणि वर दंड ठेवला होता. एजंटाचं कमिशन आधीच खिशात गेलेलं असतं, सापडतो तो निर्यातदार. ही वाट सुचवणाऱ्याशी दुसरा कुठलाही व्यवहारसुद्धा करू नये असं आमचं मत आहे.

टॉवेलवर शुल्क अमेरिकेने लावलं, मग माझा कापूस का पडला?
– कापूस उत्पादक, जि. यवतमाळ

कारण मधल्या दोन दुव्यांनी आपला बोजा मागे सरकवला. टॉवेल-कपड्यांच्या ऑर्डरी अडल्या, सूतगिरण्यांनी खरेदी आखडली. गिरण्यांना दिलासा म्हणून केंद्राने कापसाच्या आयातीवरचं ११ टक्के शुल्क १९ ऑगस्ट २०२५ पासून काढलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमका विदर्भात पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा माल बाजारात येण्याचा काळ.

अकरा टक्के तुमच्या क्विंटलला किती पडतात? रुईचा व्यवहार खंडीत होतो, एक खंडी ३५६ किलो. समजा आयात रुई बंदरात ४८,००० रुपये खंडीने पडते. शुल्क असतं तर त्यावर ५,२८० रुपये चढले असते. एक खंडी रुई निघायला ३४ टक्के उताऱ्याने साधारण साडेदहा क्विंटल कापूस लागतो. म्हणजे शुल्क गेल्याने गिरणीला देशी कापसासाठी क्विंटलमागे पाचशेच्या आसपास कमी द्यायची सोय झाली. सरकीचा भाव चांगला असेल तर थोडं भरून निघतं, पण सरकी रुईच्या मंदीला पुरी पडत नाही.

गिरण्यांची अडचण खरी होती, हे मान्य. पण तिचा खर्च सरकारी तिजोरीऐवजी शेतावर टाकला गेला, हेही तितकंच खरं.

अशा वर्षी आधार हमीभावाचाच. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये होता. सीसीआयकडे (भारतीय कापूस महामंडळाकडे) विकायचं तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी लागते, आणि तिथे बहुतेकांचे पैसे जातात ते ओलाव्यात. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव. आठ ते बारा टक्क्यांत प्रत्येक टक्क्याला भावाचा एक टक्का कट, म्हणजे ८,११० वर ८१ रुपये. बारा टक्क्यांच्या वर माल परत. सकाळी वेचलेला कापूस दोन-तीन दिवस उन्हात पसरून मग गाडी भरा. कवडी (किडका, डागी कापूस) आणि फरदड (हंगामानंतरचा कापूस) चांगल्या मालात मिसळू नका, पूर्ण गाडीची प्रत उतरते. खेडा खरेदीवाला रोख देतो हे त्याचं आकर्षण. त्याच्या भावातून काट्यातली तूट आणि कट्टी (वजनात कापलेली घट) वजा करूनच तुलना करा.

युद्ध युक्रेनमध्ये झालं. सूर्यफूल तेल महागलं ते समजलं, पण शेंगदाणा तेल का?
– गृहिणी, पुणे

आपण खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो. फेब्रुवारी २०२२ पर्यंत सूर्यफूल तेलाचा मोठा वाटा युक्रेनचा होता. काळ्या समुद्रातली बंदरं बंद झाली. ग्राहक सोयाबीन आणि पामकडे वळले. त्यात इंडोनेशियाने २८ एप्रिल २०२२ ला पाम तेलाची निर्यातच बंद केली, ती २३ मे रोजी उठवली. तेलं एकमेकांची जागा घेतात, म्हणून एकाची टंचाई सगळ्यांच्या भावात उतरते. बाहेरून न आणलेला शेंगदाणाही त्यातून सुटत नाही.

बातमी आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानात भाव चढतो तो मात्र जुन्याच साठ्यावर. पाम तेल यायला आठ-दहा दिवस, काळ्या समुद्राकडून यायला महिना-दीड महिना लागतो. उतरताना भाव हीच मुदत पूर्ण घेतो, चढताना घेत नाही. साठा करू नका, पिशवीवरचं वजन वाचा. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. तशाच दिसणाऱ्या ८५० किंवा ७५० ग्रॅमच्या पिशव्या शेजारीच असतात. भाव किलोवर काढून ताडा.

दरवर्षी पेरणीच्या तोंडावर डीएपी खत मिळत नाही. दुकानदार म्हणतो, ‘युद्ध चालू आहे.’ पर्याय काय?
– शेतकरी, जि. लातूर

दुकानदार पूर्ण चुकीचा नाही. तयार डीएपी तर आयात होतोच, देशात बनतो त्यालाही रॉक फॉस्फेट, फॉस्फोरिक आम्ल आणि अमोनिया बाहेरून लागतो. जॉर्डनचा माल लाल समुद्रातूनच येतो. चीनने ऑक्टोबर २०२१ पासून खतांच्या निर्यातीवर कधी कडक, कधी सैल अशी बंधनं ठेवली आहेत. २०२४ मध्ये लाल समुद्रात बुडालेल्या ‘रुबीमार’ जहाजात सुमारे २१,००० टन खतच होतं.

पण डीएपीवाचून सोयाबीन अडत नाही. हेक्टरी ३०:६०:३० ही शिफारस धरली तर एकराला १२ किलो नत्र, २४ किलो स्फुरद, १२ किलो पालाश लागतं. ५० किलोच्या तीन गोण्या सिंगल सुपर फॉस्फेटमधून २४ किलो स्फुरद येतं आणि वर १६ किलो गंधक, जे डीएपीत नसतं आणि तेलबियांना हवंच असतं. नत्रासाठी २६ किलो युरिया, पालाशसाठी २० किलो एमओपी (म्युरेट ऑफ पोटॅश). युरिया आणि सुपर फॉस्फेट आदल्या दिवशी मिसळून ठेवू नका, पाणी सुटून गोळे होतात आणि पेरणी यंत्राच्या नळ्या बुजतात. पेरताना लगेच मिसळा. मजुरी आणि वाहतूक वाढते, कारण एका गोणीच्या जागी चार वाहायच्या आहेत. तो खर्च धरून ठरवा.

डीएपीबरोबर दुसरं काही गळ्यात मारत असेल तर ते लिंकिंग. पॉस मशीनची पावती घ्या आणि पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी द्या.

स्पर्धा परीक्षेसाठी विचारते: व्यापारयुद्धात जिंकतं कोण?
– विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

बहुधा तिसरा. २०१८ मध्ये अमेरिकेच्या शुल्काला उत्तर म्हणून चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के लावले. खरेदी ब्राझीलकडे वळली, आणि अमेरिकी सरकारला आपल्या शेतकऱ्यांसाठी अब्जावधी डॉलरची मदत द्यावी लागली. त्याच वर्षी धुलाई यंत्रांवर शुल्क लागलं. यंत्रं सुमारे १२ टक्क्यांनी महागली, आणि ज्यांच्यावर शुल्कच नव्हतं ती कपडे वाळवायची यंत्रंही महागली, कारण दोन्ही जोडीने विकली जातात. नोकऱ्या वाढल्या, पण अर्थतज्ज्ञांच्या हिशेबाने एका नोकरीमागे ग्राहकांना वर्षाला आठ लाख डॉलरहून जास्त भुर्दंड पडला.

१९३० च्या स्मूट-हॉली कायद्याबद्दल उत्तरपत्रिकेत जपून लिहा. एक हजाराहून अधिक अर्थतज्ज्ञांनी विरोधाचं पत्र दिलं, तरी १७ जून १९३० ला अध्यक्ष हूवर यांनी सही केली. कॅनडासह अनेकांनी प्रतिशुल्क लावलं. १९२९ ते १९३३ मध्ये जागतिक व्यापाराचं मूल्य सुमारे दोन तृतीयांशाने घसरलं. पण ‘या कायद्यामुळे महामंदी आली’ हे विधान चूक आहे. मंदी आधीच सुरू झाली होती आणि व्यापारमूल्यातली बरीच घसरण वस्तूंचे भाव कोसळल्याने होती. कायद्याने मंदी आणखी चिघळवली, एवढंच म्हणता येतं.

भारताचं उदाहरण हवं असेल तर १९९०-९१ घ्या. इराकने कुवेत घेतलं, तेल भडकलं, आखातातून येणारा पैसा आटला, परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं. जुलै १९९१ मध्ये रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं आणि सुमारे ४७ टन सोनं परदेशात गहाण गेलं.

युद्धाची बातमी आली की पेट्रोल आणि सोनं किती वाढेल, याचा घरच्या घरी अंदाज कसा काढायचा?
– निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली

पेट्रोलचं सोपं आहे. एका पिंपात १५९ लिटर. पिंपामागे १० डॉलर वाढले तर ८८० भागिले १५९, लिटरला साडेपाच रुपये. मुंबई-ठाण्यात पेट्रोलवरचा व्हॅट टक्क्यांत आहे, २५ टक्के धरला तर एकूण वाढ सात रुपयांच्या जवळ जाते. केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरवर ठरलेलं असतं, ते आपोआप वाढत नाही. कच्चं तेल ७० डॉलरवर स्थिर राहून डॉलर एक रुपयाने महागला तर लिटरला ४४ पैसे. पंपावर ही वाढ लगेच दिसेलच असं नाही. एप्रिल २०२२ नंतर तेल कंपन्यांनी जवळपास दोन वर्षं दर हलवले नाहीत. तेल महाग असताना तोटा सोसला, स्वस्त झाल्यावर दर न उतरवता तो वसूल केला.

सोन्याला दोन टोकं आहेत. औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम. समजा औंसाला ४,००० डॉलर. मग दहा ग्रॅमचे १,२८६ डॉलर, ८८ ने १ लाख १३ हजार. जुलै २०२४ मध्ये ठरलेलं ६ टक्के आयातशुल्क धरलं तर १ लाख २० हजार, त्यावर ३ टक्के जीएसटी. डॉलर ८८ चा ९० झाला तर सोनं जगात जागच्या जागी राहूनही दहा ग्रॅमला सुमारे २,७०० रुपयांनी चढतं.

दागिना घेऊन हा फायदा पदरात पडत नाही, कारण घडणावळ आणि जीएसटी मोडताना परत मिळत नाहीत. पेन्शनवर घर चालत असेल तर बातमी ऐकून मुदतठेव मोडू नका. मुदतीपूर्वी मोडली की व्याजदर ठेव जितके दिवस राहिली त्या मुदतीचा लागतो आणि बहुतेक बँका त्यातून आणखी अर्धा ते एक टक्का कापतात.